जिन्यातली सभा: कोथरूडच्या एका सोसायटीने पुनर्विकासाचा निर्णय कसा घेतला

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यात कोथरूडमधल्या सोळा फ्लॅटच्या एका सोसायटीचं आहे. माझे आई-बाबा तिथे दुसऱ्या मजल्यावर राहायचे, त्यामुळे मी त्रयस्थ नाही हे आधीच सांगून टाकते. मी मानसशास्त्र शिकवते. ‘माणसं निर्णय कसे चुकवतात हेच तू शिकवतेस ना? मग बस आमच्या मीटिंगला,’ असं म्हणून बाबांनी मला यात ओढलं. कुणी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील आणि आकडे बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि चुका मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत, माझ्या चुकांसकट.

इमारत १९८३ ची. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. तिशीतल्या नोकरदारांनी कर्ज काढून, दागिने मोडून घेतलेली ही घरं. त्या वेळी कोथरूड म्हणजे गावाबाहेर, आणि तिसऱ्या मजल्यावरून टेकडी दिसते म्हणून तो फ्लॅट जास्त मागणीचा. हे प्रकरण सुरू झालं तेव्हा सोळापैकी अकरा घरांत सगळेच सत्तरीच्या आसपासचे. मुलं बाणेर-बावधनला, बंगळुरूला, नाहीतर थेट अमेरिकेत. तीन फ्लॅट भाड्याने दिलेले. मार्च २०२२ मध्ये वनाजची मेट्रो सुरू झाल्यापासून गल्लीतल्या दोन जुन्या इमारती पाडल्या गेल्या होत्या आणि आमच्या फाटकाशी अनोळखी गाड्या जरा जास्तच वेळ थांबायला लागल्या होत्या.

दोन घटना महत्त्वाच्या. पहिली, २०२१ मधली. टेरेसचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचा रंग यावर सोसायटीने ७ लाख ४० हजार रुपये खर्च केले. प्रत्येक घराने ४६,२५० रुपये भरले. त्या कामाची सगळी धावपळ केली ती तळमजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअर साहेबांनी. (सगळे त्यांना साहेबच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.) दुसरी घटना फेब्रुवारी २०२३ ची. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना बायपासनंतर घरी आणलं, तेव्हा समोरच्या मेसमधल्या चार पोरांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. चौपन्न पायऱ्या. दारं उघडून सगळे बघत होते. कुणी काही बोललं नाही, पण त्या आठवड्यापासून ‘लिफ्ट’ हा शब्द रोज कुणाच्या तरी तोंडून ऐकू येऊ लागला.

पायऱ्या आदल्या दिवशीही चौपन्नच होत्या. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की एखादी गोष्ट किती संभवनीय आहे हे माणूस मोजत बसत नाही. तिचं उदाहरण किती चटकन आठवतं त्यावरून ठरवतो. सोसायटीला वार्धक्य आणि जिना यांचं गणित चाळीस वर्षं माहीत होतं. ते खुर्चीत बसून वर गेलं तेव्हा कुठे दिसलं.

प्रश्न

वरवर प्रश्न लिफ्टचा होता. पण लिफ्टसाठी आर्किटेक्ट बोलावली आणि तिने पार्किंगमधल्या खांबांकडे बोट दाखवलं. उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. आमच्याकडे ते एकदाही झालेलं नव्हतं. ‘इमारत भक्कम आहे, त्या काळचं काम आहे,’ एवढंच आमचं ऑडिट. मे महिन्यात खरं ऑडिट झालं. तीन खांबांतल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या, दोन बाल्कन्यांचे स्लॅब खालून सुटत होते. इमारत धोकादायक नाही, पण मोठी दुरुस्ती टाळता येणार नाही, असा अहवाल आला.

समोरचे पर्याय

नुसती दुरुस्ती: अंदाजे ४२ लाख, म्हणजे घरटी २ लाख ६२ हजारांच्या आसपास. जिना आहे तसाच.

दुरुस्ती आणि बाहेरून लिफ्ट: लिफ्टचे आणखी २८ लाख. म्हणजे एकूण घरटी ४ लाख ३७ हजारांच्या वर. यात एक गोम होती. जुन्या इमारतींना बाहेरून जोडलेली लिफ्ट बहुतेकदा जिन्याच्या मधल्या लँडिंगवरच थांबू शकते, कारण पुढे घराच्या भिंती येतात. म्हणजे दार उघडलं की परत नऊ पायऱ्या. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला नऊ काय आणि चौपन्न काय.

बिल्डरकडून पुनर्विकास. यावरच पुढचं सगळं प्रकरण आहे.

स्वयंपुनर्विकास, म्हणजे सोसायटीनेच विकसक व्हायचं. राज्य सरकारचं त्यासाठी २०१९ पासून धोरण आहे. सभेत या पर्यायाला दहा मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत. ‘या वयात कोण करणार?’ या एका प्रश्नावर तो संपला.

पहिली सभा

जून २०२३, रविवार सकाळ, पार्किंगमध्ये खुर्च्या. बारा घरं हजर होती. सेक्रेटरींनी ऑडिटचा अहवाल वाचून दाखवला आणि विचारलं, ‘कुणाला काही बोलायचंय?’ साहेब उठले.

‘आत्ताच दोन वर्षांपूर्वी साडेसात लाख घातलेत आपण. रंग अजून उतरला नाही. आणि आता पाडायची भाषा? हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये एवढं तरी आपल्याला कळतं ना?’

मग दुसऱ्या मजल्यावरच्या एकांनी मान डोलावली. मग आणखी एकांनी. बाबा, जे आदल्या रात्री माझ्याशी तासभर पुनर्विकासाच्या बाजूने भांडत होते, तेही म्हणाले, ‘बरोबर आहे, घाई नको.’ पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे पहिल्याच मुखातून तो बोलला आणि बाकी चारांनी री ओढली. इतिवृत्तात नोंद झाली: ‘पुनर्विकासाचा विषय सर्वानुमते पुढे ढकलण्यात आला.’

सभा संपली आणि खरी सभा सुरू झाली, जिन्यात. वर जाता जाता पाच जणांनी, एकेकटं गाठून, बाबांना सांगितलं की खरं तर त्यांना पुनर्विकास हवा आहे, पण बाकी सगळ्यांना नको दिसतोय. प्रत्येकाला वाटत होतं की असा विचार करणारे आपण एकटेच.

सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात केलेला प्रयोग मी दरवर्षी वर्गात शिकवते. दोन तक्ते, त्यांवर रेघा, कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी आहे ते सांगायचं. उत्तर शेंबड्या पोरालाही कळावं इतकं उघड. पण खोलीतले बाकी सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देतात. खऱ्या सहभागींनी अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या बाजूने, म्हणजे चुकीची दिली. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: गटातला एक जरी माणूस खरं बोलला, तरी ही शरणागती पार घसरते. आमच्या पार्किंगमध्ये असा एक माणूस बसलेला होता, ऑडिटचा अहवाल मांडीवर घेऊन. ती मीच होते. सभासद नसल्यामुळे बोलायचा हक्क नव्हता हे खरं, पण सेक्रेटरींच्या कानात ‘आधी सगळ्यांची मतं लिहून घ्या’ एवढं सांगता आलं असतं. सुचलंच नाही. वर्गात माहीत असलेली गोष्ट पार्किंगमध्ये आठवत नाही, हा माझ्यापुरता या प्रकरणातला पहिला धडा.

साहेबांची कोंडी कशी सुटली

साहेबांच्या म्हणण्यात चूक काय होती हे कुणालाही सांगता येईल: खर्च झालेले पैसे कोणत्याही पर्यायात परत येणार नव्हते, तेव्हा ते हिशोबात धरायचं कारण नाही. हे मी त्यांना सांगितलंही, जुलैमध्ये, त्यांच्याच घरी चहा पिताना. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘तुझं गणित बरोबर आहे. पण कंत्राटदाराच्या मागे तीन महिने उन्हात मी उभा होतो.’

इथे माझ्या लक्षात आलं की पैसे हा विषयच नव्हता. इमारत पाडणं म्हणजे ते काम वाया गेलं असं ठरणं, आणि ते काम साहेबांचं होतं. ही गाठ सेक्रेटरींनी सोडवली, ज्यांनी मानसशास्त्राचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. ऑगस्टच्या एका संध्याकाळी, मुसळधार पाऊस चालू असताना, ते साहेबांना घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले आणि कोरडं छत दाखवलं. म्हणाले, ‘साहेब, वरच्यांनी सहा वर्षं बादल्या लावून काढली होती. तुमच्यामुळे हा दुसरा कोरडा पावसाळा. ते पैसे फिटले की हो.’

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर म्हणतात की माणूस मनात वेगवेगळ्या खर्चांची वेगवेगळी खाती ठेवतो. खातं तोट्यात बंद करणं कुणालाच जमत नाही. सेक्रेटरींनी ते खातं फायद्यात बंद करून दिलं. पुढच्या सभेत साहेब पुनर्विकासाच्या बाजूने बोलले नाहीत, पण विरोधातही बोलले नाहीत.

‘पंचेचाळीस टक्के’

सप्टेंबरमध्ये पहिला बिल्डर आला. सेक्रेटरींच्या हॉलमध्ये आठ-दहा जण, चहा, सुरळीच्या वड्या. त्याने कागद आणला नव्हता. बोलता बोलता सहज म्हणाला, ‘तुमच्या प्लॉटवर पंचेचाळीस टक्के जास्त एरिया द्यायला काही हरकत नाही.’

त्या संध्याकाळनंतर सोसायटीत पंचेचाळीस हा आकडा देवळातल्या घंटेसारखा वाजत राहिला. नंतर रीतसर निविदा काढल्या, आर्किटेक्टबाईंना प्रकल्प सल्लागार नेमलं, तीन प्रस्ताव आले. दुसऱ्याने लेखी २८ टक्के दिले. ‘अठ्ठावीस? अहो, तो पहिला पंचेचाळीस देत होता!’ कुणी प्रस्तावाचं दुसरं पान उलटलंच नाही.

टक्के कशाचे, हा प्रश्न आर्किटेक्टबाईंनी विचारला. बाबांचाच फ्लॅट घेऊ. १९८३ च्या करारात ६२० चौरस फूट लिहिलेलं आहे, पण ते बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट. आतून मोजलं तर कार्पेट ५००. पहिल्याने ५०० वर ४५ टक्के धरून ७२५ दिले. मात्र त्या ७२५ मध्ये बाहेरच्या भिंती, बाल्कनी, ड्राय बाल्कनी सगळं आलं. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. ते वजा केल्यावर राहिले ५९०, म्हणजे खरी वाढ १८ टक्के. दुसऱ्याने ५०० वर २८ टक्के, म्हणजे ६४० फूट रेरा कार्पेट दिलं होतं आणि बाल्कनी वेगळी. अठ्ठावीस हा आकडा पंचेचाळीसपेक्षा पन्नास फुटांनी मोठा निघाला.

कानेमन आणि ट्वर्स्की यांच्या १९७४ च्या लेखात एक चक्र आहे. ते फिरवून १० किंवा ६५ वर थांबेल अशी आधीच सोय केलेली, आणि मग लोकांना विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत? चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नाही. तरी १० पाहिलेल्यांच्या अंदाजांचा मध्य २५ आला आणि ६५ पाहिलेल्यांचा ४५. पहिला आकडा खुंटीसारखा मनात रोवला जातो आणि बाकी सगळे आकडे तिला बांधले जातात.

मी हे सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो आर्किटेक्टबाईंच्या खडूचा. त्यांनी पार्किंगच्या फरशीवर बाबांच्या हॉलचे तिन्ही प्रस्तावांतले आकार आखले, एकात एक. लोक त्या चौकोनांत उभे राहिले. आईने एका चौकोनात हात पसरून बघितले आणि म्हणाली, ‘इथे दिवाण बसत नाही.’ पंचेचाळीस त्या दिवशी संपला.

चिठ्ठ्या

नोव्हेंबरमध्ये मी सेक्रेटरींना एक विनंती केली: पुढच्या सभेच्या आधी प्रत्येक घरी तीन प्रश्नांचा कागद द्यायचा, नाव न लिहिता भरायचा आणि जिन्याखाली ठेवलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. परदेशातल्या दोन मालकांच्या चिठ्ठ्या त्यांच्या भाडेकरूंनी प्रिंट काढून आणून टाकल्या.

पहिला प्रश्न उलटा होता. ‘समजा तुम्ही आज लिफ्ट असलेल्या नव्या इमारतीत, ६४० फुटांच्या घरात राहता. कुणी म्हणालं, हे सोडा आणि चाळीस वर्षं जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतला ५०० फुटांचा फ्लॅट घ्या; घर बदलताना भाड्याच्या जागेत राहावं लागणार नाही, आणि दुरुस्तीचे अडीच लाख तुमचे तुम्ही भरा. घ्याल?’ माणसाला आहे ते बरं वाटतं, केवळ ते आहे म्हणून. प्रश्न उलटा केला की ‘आहे ते’ दुसरीकडे जातं.

दुसरा प्रश्न: तुमचा फ्लॅट आज विकायचा तर किती मागाल? तिसरा: तुमच्या खालचा, तेवढाच फ्लॅट तुम्हाला विकत घ्यायचा असता तर किती द्याल?

सोळापैकी पंधरा चिठ्ठ्या आल्या. बारा जण जुना फ्लॅट घ्यायला तयार नव्हते. जूनच्या ‘सर्वानुमते’चं हे खरं रूप. दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरांत बहुतेकांचा फरक वीस ते तीस लाखांचा होता. स्वतःच्या घराला नव्वद, शेजाऱ्याच्या तशाच घराला पासष्ट.

कानेमन, नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये छापलेल्या प्रयोगात हेच कॉफीच्या मगांवर दिसलं होतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना मग दिले. ज्यांच्या हातात मग होता ते विकायला सुमारे सव्वापाच डॉलर मागत होते, ज्यांच्याकडे नव्हता ते सुमारे अडीच द्यायला तयार होते. आणि तो मग त्यांच्याकडे येऊन काही मिनिटंच झाली होती. इथे चाळीस वर्षं झाली होती, दारामागे मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या.

हा नुसता गमतीचा भाग नव्हता. प्रस्तावांवरची बोलणी कॉर्पस फंडावर, म्हणजे बिल्डरने जागेशिवाय द्यायच्या रोख रकमेवर, अडली होती. घरटी पंचवीस लाखांची मागणी आली होती आणि एकही बिल्डर त्याच्या जवळपास नव्हता. सेक्रेटरींनी सभेत चिठ्ठ्यांतले आकडे जोडीजोडीने, नावं नसताना, फक्त वाचून दाखवले. मध्येच कुणीतरी खुदकन हसलं. मागणी त्याच सभेत खाली आली. कितीवर, ते कराराचा भाग असल्याने लिहीत नाही.

काकूंचा प्रश्न

पहिल्या मजल्यावरच्या काकू बहात्तर वर्षांच्या, एकट्या. सप्टेंबरपासून प्रत्येक सभेत त्या एकच प्रश्न विचारत: ‘भाडं किती दिवस देणार, ते लिहून देणार का?’ प्रत्येक वेळी उत्तर मिळे, ‘चोवीस महिने, काकू. सांगितलंय त्यांनी.’ मग त्या गप्प बसत, आणि पुढच्या सभेत पुन्हा विचारत.

माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे मी लिहिलेलं होतं: ‘गमावण्याची धास्ती. ठरावीक.’ कानेमन-ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या सिद्धांतानुसार हातचं जाण्याचं दुःख तेवढंच मिळण्याच्या आनंदाहून मोठं असतं; १९९२ मध्ये त्यांनीच ते प्रमाण साधारण सव्वादोन पट काढलं होतं. काकू या व्याख्येत चपखल बसत होत्या. बसवल्या होत्या मी. एकदा चपखल बसल्यावर त्यांचं म्हणणं ऐकायची गरज उरली नाही.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची एक पद्धत वापरली. निर्णयाआधीच समजून चालायचं की तो फसला आहे, आणि का फसला ते लिहायचं. कागदावर वाक्य होतं: ‘२०२९ साल आहे. आपला पुनर्विकास फसला आहे. काय झालं?’ ‘फसेल का?’ असं विचारलं की लोक धीर देतात. ‘फसलाय’ म्हटलं की तपासनीस होतात. दहा मिनिटांत बावीस कारणं जमली. काकूंच्या कागदावर एक ओळ होती: ‘भाडं बंद झालं आणि आम्ही तात्पुरत्या घरातच राहिलो.’

या वेळी वकील हजर होते. त्यांनी बिल्डरबरोबरच्या कराराचा मसुदा उघडला. भाडं चोवीस महिने, त्यानंतर ‘विलंब झाल्यास परस्पर संमतीने ठरवण्यात येईल’. म्हणजे काहीच ठरलेलं नव्हतं. बँक हमीचा, म्हणजे बिल्डरने शब्द मोडला तर बँकेने पैसे द्यायच्या हमीचा, उल्लेख नव्हता, वास्तविक पुनर्विकासाच्या शासकीय मार्गदर्शक सूचनांत तशी तरतूद आहे. पाच महिने एक बाई नेमका हाच प्रश्न विचारत होत्या, आणि खोलीतली मानसशास्त्राची जाणकार तिला पूर्वग्रहाचं नाव देऊन बसली होती.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. त्यांनी आधी पोहे केले. मग सांगितलं की १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. शनिवार पेठेतला वाडा गेला. ‘आम्हाला सांगितलं, थोडे दिवस इथे राहा. थोडे दिवस म्हणजे किती, हे कुणीच लिहून दिलं नाही गं. माझी मॅट्रिक तिथूनच झाली.’

एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांचं २००२ मधलं संशोधन आहे: माणूस स्वतःला इतरांहून कमी पूर्वग्रहदूषित समजतो. या पूर्वग्रहांची यादी पाठ असली की ही समजूत आणखी घट्ट होते, असं माझं मत आहे; पुरावा म्हणून माझी वही आहे.

केलेली कृती

काकूंच्या एका ओळीवरून तीन गोष्टी झाल्या. भाडं चोवीस महिने नव्हे, तर भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळून ताबा मिळेपर्यंत, आणि पुढच्या अकरा महिन्यांचे धनादेश आगाऊ. बँक हमी, टप्प्याटप्प्याने सोडायची. आणि चोवीस महिन्यांचा आकडा तपासणं. त्यासाठी बिल्डरला अंदाज विचारला नाही, त्याच्या मागच्या तीन प्रकल्पांत घरं रिकामी केल्यापासून भोगवटा पत्रापर्यंत प्रत्यक्ष किती महिने लागले ते विचारलं. उत्तरं आली ३१, ३८ आणि ३४.

तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. माझ्या स्वतःच्या पीएचडीचा हिशोब इथे देत नाही.

सगळ्यांनी तीन वर्षं धरून चालायचं ठरवलं. यामुळे एका घराचा होकार फिरला: मुलीचं लग्न नव्या घरातून करायचं त्यांच्या मनात होतं. हे आधी कळलं ते बरंच झालं.

निष्पत्ती

एप्रिल २०२४ मध्ये निबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीसमोर विशेष सर्वसाधारण सभा झाली. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे दोन तृतीयांश गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. पंधरा जण हजर होते. तेरा बाजूने, दोन विरोधात. अठ्ठावीस टक्केवाला बिल्डर निवडला गेला.

विरोधातलं एक मत लग्नाच्या घराचं, दुसरं काकूंचं. सगळ्या अटी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झाल्या असूनही. मी विचारलं, आता कशाची काळजी वाटते? म्हणाल्या, ‘कसलीच नाही. कागद ठीक आहे. मला जायचं नाही, एवढंच.’ नंतर बहुमत मान्य करून त्यांनी करारावर सही केली. माझ्या वहीत याला कोणताही रकाना नव्हता. ती चूक नव्हती, धास्ती नव्हती. एका बाईला तिचं घर आवडत होतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये इमारत रिकामी झाली. काकू दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर भाड्याने राहतात. बायपासवाले काका त्याआधीच, २०२४ च्या दिवाळीनंतर गेले. त्यांना लिफ्ट मिळाली नाही. सध्या पायाचं काम चालू आहे आणि ठरल्यापेक्षा दोन महिने मागे आहे. निर्णय चांगला होता की नाही हे ताबा मिळेल तेव्हाही नक्की सांगता येणार नाही, कारण चांगली प्रक्रिया वाईट ठिकाणी नेऊ शकते आणि उलटही होतं. एवढं खरं की प्रत्येकाला आपण कशावर सही करतोय ते माहीत होतं.

वेगळं काय करता आलं असतं

चिठ्ठ्या जूनमध्येच घ्यायला हव्या होत्या, बिल्डरच्या चहाच्या आधी. पाच महिने वाचले असते आणि पंचेचाळीसची खुंटी रोवलीच गेली नसती. आधी लिहायचं, मग बोलायचं, आणि बोलायची सुरुवात सर्वांत कमी दबदबा असलेल्या माणसापासून, हा क्रम फुकटात मिळतो.

पहिला प्रश्न मी उलटा केला, पण तो तितकासा निष्पक्ष नव्हता हे आज वाचताना जाणवतं. ‘चाळीस वर्षं जुन्या, लिफ्ट नसलेल्या’ हे शब्द माझे. ‘जिथे तुमचे शेजारी चाळीस वर्षांपासून तुमच्या घराची किल्ली ठेवतात’ असंही लिहिता आलं असतं, आणि बाराचे कदाचित आठ झाले असते. माझ्या आई-बाबांचे गुडघे त्या कागदात उतरले होते.

तीन भाडेकरू कुटुंबांना कुणीच काही विचारलं नाही. कायद्याने तशी गरज नव्हती. पण जिना तेच चढत होते, आणि मत देणारे मालक न्यू जर्सीत होते.

आणि स्वयंपुनर्विकास. आर्किटेक्टबाईंनी त्याचा एक पानी हिशोब केला होता. ‘कोण करणार?’ या प्रश्नाला सोळा घरांत दोन तरी उत्तरं होती: एक निवृत्त इंजिनिअर, जे उन्हात तीन महिने उभे राहिले होते, आणि एक सेक्रेटरी, ज्यांना माणसं कळतात. त्या दोघांना कुणी विचारलं नाही, मीही नाही. तो कागद सभेत वाटलाच गेला नव्हता.